तुरीच्या ओळी

(मोहोळजवळचं एक माळरान, १९७४ सालातला आषाढ. बाजरीची पेरणी निम्म्यावर आली आहे. महिपती बैलं हाकतोय. त्याची बायको बजाबाई पाभरीवरच्या लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, मुठीनं बी सोडतीय. महिपतीची थोरली बहीण सोजरबाई आत्ताच बांध ओलांडून बैलांपुढं येऊन उभी राहिली आहे.)

सोजरबाई : थांबीव म्हणते न्हवं! नळी कुटं हाय?

महिपती : कसली नळी, आक्का?

सोजरबाई : कसली म्हणं! पाभरीमागं बांधायची, तुरीची. दरसाल जिच्यातनं तूर सोडत मी मागनं चालते, ती.

महिपती : औंदा बांधली न्हाय.

सोजरबाई : ते दिसतंय, डोळं हायत मला. निरोप बी धाडला न्हाईस. दरसाल पेरणीची घात आली की माणूस येतंय, आक्काला बोलवलंय म्हणून. औंदा तुझ्या गाववाल्यानं मला भर बाजारात इचारलं, 'भावाच्या पेरणीला गेला न्हाय व्हय?' काय सांगू त्येला?

महिपती : सांगणारच हुतो तुला.

सोजरबाई : कवा? बाजरी मळून झाल्यावर?

महिपती : जरा सबुरीनं घे की. औंदा संकरित बाजरी हाय. शेतकी सायेबानं बी दिलंय, खत दिलंय. त्येची अट हाय, रानात निव्वळ बाजरी पायजे. मधी तूर न्हाय, मटकी न्हाय, काय न्हाय.

सोजरबाई : का? तूर काय चावती त्येच्या बाजरीला?

महिपती : खत खाती म्हणं.

सोजरबाई : ऐका! आबा काय म्हणायचं? बाजरी रानाला खाती, आन् तूर रानाला खायाला घालती. तिचा पाला गळून गळून तर ह्या माळाला जरा रंग आला.

महिपती : आबाच्या बोलण्यावर किती दिस काढू मी? कणसं भरली की सायेब गावोगावची माणसं आणणार हाय हितं. माझ्या नावाची पाटी लावणार. आपल्या माळावर आजवर कुत्रं तरी आलंय का बघायला?

सोजरबाई : आन् त्या दुष्काळात रं? बाजरी करपून गेली, तवा कोण तगलं? घुगऱ्या कशाच्या शिजवल्या पोरांना? चुलीत काय घातलं? तुरीचीच काटकं न्हवं?

महिपती : व्हय, मान्य हाय. पर... असं कर की, बांधावर लाव तुझी तूर. सगळा बांध तुला दिला.

सोजरबाई : बांधावर? बांधावर वाटसरू बसतंय, महिपती. आबा गेल्यावर मी अंगठा उठवून दिला, जमीन सोडली, तोंडातनं शब्द काढला न्हाय. तवा तू काय बोललावतास? 'आक्का, बाजरी माझी, पर तुरीच्या वळी तुझ्या, मरंपातुर.' एकरभर रान मागितलं का मी? वळी मागितल्या.

महिपती : तूर पायजे न्हवं? बाजारातनं आणून टाकतो तुझ्या दारात.

सोजरबाई : भिकारीण समजलास व्हय रं मला! आमच्याकडं डाळ पिकत न्हाय व्हय? डाळीसाठी एवढी वाट तुडवत येते मी? तूर हाय म्हणून पेरायला येते, खुरपायला येते, शेंगा तोडायला येते. बाजरी निघून जाती तरी तूर हुबी असती, म्हणून सक्रांतीपातुर माझं येणंजाणं हाय हितं. तूर न्हाय तर काय म्हणून येऊ? पावणी म्हणून? च्या प्यायला?

महिपती : कोण नगं म्हणतंय? घर तुझंच हाय.

सोजरबाई : बोलायला काय जातंय! ह्यात तुझ्या बायकोचंच डोस्कं दिसतंय. बघ कशी मुकाट हुबी हाय. नणंदंचा पाय तुटला म्हंजे झालं.

बजाबाई : वन्सं, मला मधी घेऊ नगा.

सोजरबाई : का घेऊ नगं? चाड्यावर मूठ तुझीच हाय न्हवं?

बजाबाई : हाय.

महिपती : बास झालं आता! ओल उडाय लागलीया. घात गेली तर ही बी न्हाय आन् ती बी न्हाय. सर बाजूला, आक्का. बजा, सोड बी.

बजाबाई : (चाड्यावर तळहात ठेवते.)

महिपती : अगं सोड की! चाडं हातानं झाकून काय हुबी ऱ्हायलीस?

बजाबाई : अकलूजकडं पाण्याचा पाट आला, तवा माझ्या भावानं समदं रान उसाखाली घातलं. ठावं हाय न्हवं तुमाला?

महिपती : ते आता मधीच कशाला?

बजाबाई : त्येच्या ज्वारीत माझ्या बी वळी हुत्या, हरभऱ्याच्या. भाऊ म्हणला, एक साल थांब. मी बरं म्हणलं. भांडले न्हाय, लई शाणी ठरले. तवापासनं कुणी बोलवलं न्हाय. कारखान्याला गाड्या भरभरून ऊस जातोय, चांगलं चाललंय त्यांचं. पर माझं काय हाय तितं, म्हणून जाऊ?

सोजरबाई : बजे... कवा बोलली न्हाईस गं.

बजाबाई : तुमी भांडताय ते बघून बरं वाटलं, वन्सं. मला जमलं न्हाय.

महिपती : अगं पर एका सालाचाच सवाल हाय!

बजाबाई : त्यो बी एकच साल म्हणलावता.

महिपती : घाला, दोघी मिळून मला खड्ड्यात घाला!

बजाबाई : ह्या चिंधीनं चाड्याचं एक भोक बुजवते, त्या वळीत बाजरी पडायची न्हाय. वन्सं, नळी छपरात अडकवलीया, घेऊन या. तवर ह्या मुठीतनं दाणा सुटणार न्हाय.

सोजरबाई : बी हाय माझ्या वटीत. येताना घिऊनच आले.

महिपती : निम्मं रान पेरून झालंय, आक्का.

सोजरबाई : ऱ्हायलेल्या निम्म्यात घाल. समदं कुटं मागते मी?

महिपती : आन् सायेब आला मग? धा गावची माणसं घेऊन बांधावर हुबा ऱ्हायला, आन् म्हणला, महिपती, मधी ही तूर कुटनं आली? तर काय सांगू त्येला?

बजाबाई : सांगा, बहीण आलीवती.