कानाला दोरा बांधलेला कप

—पत्रात संध्याकाळी येणार असं होतं ना, म्हणून आई गेली, नाहीतर ती थांबलीच असती हो. नाही काकू, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय आखूड आहे, इकडे बाकावर बसा. मी चित्रा. सरोजताईची धाकटी बहीण. तुमच्या शिक्षण निधीकडे अर्ज आलाय ना, तो तिचा. तुम्ही घरी येऊन चौकशी करता हे माहीत होतं आम्हाला, आईने सगळं सांगून ठेवलंय मला—म्हणजे सांगून असं नाही, मला माहीतच आहे सगळं. कल्याणहून भर उन्हाचं आलात, आणि आमची डोंबिवली म्हणजे स्टेशन सोडलं की नुसती शेतं नि धूळ, पाय पोळले असतील तुमचे. हा घ्या चहा. कपबशी स्वच्छ आहे हं, दोनदा विसळलीय मी. आई आणि ताई ना, ठाण्याला गेल्यात, टेंभी नाक्याला, आत्याकडे. आत्याच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. मला का नाही नेलं? मला—घर उघडं कसं टाकायचं, म्हणून.

हो, अक्षर माझंच. ताईचं अक्षर मुंग्यांसारखं आहे, म्हणून आईने माझ्याकडून लिहून घेतला अर्ज, तोही दोनदा, पहिल्यावर डाग पडला शाईचा. सही मात्र ताईची आहे, बघा ना, मुंग्याच. शिक्षणात खंड पडण्याचं कारण? ते लिहिलंय की खाली. विषमज्वर. खूप मोठा होता—गेल्या आषाढात सुरू झाला तो थेट माघापर्यंत. एवढा लांबतो का? उलटला ना तो. दोनदा उलटला. कोणाचं औषध? आधी ठाण्याच्या डॉक्टरांचं, मग त्यांनीच चिठ्ठी दिली परळला, मोठ्या हॉस्पिटलात. तिथे चांगलं असतं. रांग फार असते पण, आजसुद्धा आई पहाटे निघाली तरी म्हणाली परतीची साडेपाचची गाडी मिळाली तर नशीब—

डोहाळजेवणाला. हो. डोहाळजेवणालाच गेल्यात. परळ मी—ते मागचं सांगत होते मी. चहा घ्या ना काकू, साय येईल. तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे, मला कोणी असं बघितलं की पाढेसुद्धा आठवत नाहीत, शाळेत बाई उभं करतात तेव्हा सगळ्या हसतात. विचारा तुम्ही, सांगते मी. आता ताप नाही काही. ताप आधीही नव्हता फारसा—विषमज्वरात असतो ना? असेल, तिलाही असेल. खाणं जात नव्हतं तिला. घसा आतून सोलून निघाला होता, पेजसुद्धा पाणी करून द्यायचो. आणि आंघोळ अर्धीच, मानेखाली, कारण वरच्या त्या जांभळ्या रेघा पुसायच्या नाहीत अशी ताकीद होती, पुसल्या तर पुन्हा सगळं मापून—

कसल्या रेघा ना. शाईच्या.

मला येत नाही खोटं बोलायला. लिहायला येतं, ते सोपं असतं, कागद काही विचारत नाही. काकू, तिला मानेत गाठ होती. इथे, डाव्या बाजूला, आवळ्याएवढी. केस पुढे घेऊन झाकायची ती, मी वेणी घालताना पहिल्यांदा मलाच लागली हाताला. आईने लेप लावले, तुरटीचा शेक दिला, आणि शेवटी परळला सांगितलं त्यांनी—कॅन्सर. बघा, मी तो शब्द आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटला. आमच्या घरात कोणी म्हणत नाही. आई ‘ते’ म्हणते. ‘ते’ व्हायच्या आधी, ‘ते’ झाल्यावर. वडील, अण्णा, तर ‘ते’सुद्धा म्हणत नाहीत. यंत्राखाली निजवून किरणांचा शेक द्यायचे, कुठे द्यायचा त्याच्या त्या रेघा. चाळीत सांगितलं विषमज्वर, शाळेत सांगितलं विषमज्वर, मग अर्जात दुसरं कसं लिहिणार? ताईने सही करताना वाचलं आणि हसली. म्हणाली, ‘आजार चांगला निवडलात गं, आई. यातून माणसं उठतात.’ आई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली. तसं आईचंही खरं आहे. कळलं तर ताईला कोण करून घेणार, आणि ताईला जाऊ दे, मला कोण—असं ती म्हणते. मला काही घाई नाही. मी आठवीत आहे.

नाही, आता बरी आहे ती! गाठ विरघळली. मानेवरचे केस गेले होते तेही आलेत, लव आली आधी, मग केस. मानेवरची कातडी तेवढी काळी राहिलीय, म्हणून उन्हाळ्यातही बंद गळ्याचं पोलकं घालते. आणि अभ्यास—तुम्ही नुसतं तिला बघायला हवं होतं काकू. शेक घेऊन यायची, स्टेशनचा जिना चढवत नसे, अण्णा धरून आणायचे, आणि दहा मिनिटं आडवी पडली की म्हणायची, ‘चित्रा, पाटी दे.’ पाटीवर गणितं करायची, कारण वही उताणं निजून धरवत नाही. तिची मैत्रीण आहे मालन, कॉलेजात जोडीला बसायची, तिने वर्षभराच्या वह्या आणून दिल्या, रसायनाच्या. मी त्या परत द्यायला गेले तर मालनची आई दारातूनच म्हणाली, ‘राहू देत हो तुमच्याकडेच, आम्हाला नको परत.’ विषमज्वर सांगितला होता तरी! तिला काय कळलं, कसं कळलं, देव जाणे. ताईला मी सांगितलं, मालनने भेट दिल्या. तेवढं खोटं मला नीट जमलं. पण कॉलेज वीस तारखेला उघडतं काकू, आणि अण्णा म्हणाले, आता घरीच बैस, माझ्याच्याने फी होणार नाही. रागाने नाही म्हणाले. आईच्या पाटल्या परळलाच गेल्या, अजून काय काढणार ते? त्या दिवशी ताईने पाटी पुसून ठेवली. ती अजून कोरीच आहे, ती बघा, खुंटीवर.

दोरा? कुठला—हा होय, कपाच्या कानाचा. तो—मांजराने—नाही, मांजर नाही आमच्याकडे.

काकू, चांगल्या कपबश्या फडताळात आहेत. फडताळाला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. आम्ही वाटीतून पितो, पण कल्याणहून आलेल्या माणसाला वाटी कशी द्यायची? बाहेर मागच्या पडवीत कोनाडा आहे, तिथे दोन कप असतात. एक सखुबाईचा. मागच्या पाड्यातली सखुबाई भाजी घेऊन येते, तिचा वेगळा, कान तुटलेला. तसं सगळ्यांच्याच घरी असतं ना, तुमच्याकडेही असेल. आता सखुबाईच्या कपातून मी तुम्हाला कसा चहा देऊ? आई काय म्हणेल? म्हणून मग—दुसरा दिला. दुसरा ताईचा. ताई पहिल्यांदा परळहून आली त्याच दिवशी आईने त्याला काळा दोरा बांधला आणि कोनाड्यात नेऊन ठेवला, ताट-वाटीसकट. डॉक्टरांनी सांगितलं होतं हो, हा आजार असा लागत नाही, मी स्वतः ऐकलंय, अण्णांनी दोनदा विचारलं आणि त्यांनी दोनदा सांगितलं. आई मान हलवत होती. घरी येऊन दोरा बांधला. सखुबाईनेच पहिल्यांदा बघितलं ते. म्हणाली, ‘गो बाय, पोरीचा कोप माझे कोपाशेजारी कला ठेवलास? मी त परकी. ती तुजी हाय ना?’ आई म्हणाली, ‘तुला काय करायचंय, भेंडी कशी दिलीस ते सांग.’ तेव्हापासून सखुबाई आली की ताई मागच्या पायरीवर जाऊन बसते, दोघी आपापले कप घेऊन चहा पितात. सखुबाई तिला सांगते, ‘तू नि मी एक जातीच्या झालू गो.’ ताई किती हसते! घरात नाही तशी हसत.

मला वाटलं दोन घोट घेतलेत तुम्ही. नाही घेतलेत का? भरलेलाच आहे. साय तशीच आहे.

नाही, उठू नका, म्हणजे उठा, गाडी असेल तुमची, पण आधी एक मिनिट थांबा. माझी चूक आहे ही, ताईची नाही. अर्जही माझ्या अक्षरातला, कपही मीच दिला. तुम्ही म्हणालात ना, निधीचे पैसे मुलगी नोकरीला लागली की परत करते, मग दुसरी मुलगी शिकते—तो नियम मी वाचलाय. आणि तुम्हाला काय वाटतंय तेही मला—ती नोकरीला लागेपर्यंत—दर दोन महिन्यांनी तपासणी असते काकू, आज दुसरी. पहिली चांगली निघाली. आजची मला माहीत नाही. सकाळपासून तेच डोक्यात आहे, म्हणूनच इतकी बोलतेय मी, नाहीतर मी बोलतच नाही कोणाशी, विचारा कोणालाही. तिने फेडलं नाही तर मी फेडीन. जामीन म्हणून माझं नाव चालतं का? अकरावी, मॅट्रिक झाले की मी लगेच लागेन कुठेतरी, अक्षर चांगलं आहे. हे घ्या. हे परळच्या डॉक्टरांचं पत्र, इंग्रजीत आहे, पण मी कोश घेऊन वाचलंय, उपचार पुरे झाले, मुलगी कॉलेजात जाऊ शकते, असं लिहिलंय. त्यात तो शब्द आहे म्हणून आईने लावलं नाही अर्जाला, गव्हाच्या डब्यात ठेवलं होतं. एकच आहे. आईला मी सांगेन. मारील फार तर. रविवारी तुमची सभा आहे ना, तिथे तुम्ही विषमज्वर सांगू नका, हे दाखवा. नाही म्हणायचं असेल त्यांना, तर खऱ्याला म्हणू देत.

घातलंत पिशवीत? बरं. घडी मोडू देऊ नका तेवढी.

कळवता ना? हो. सगळे कळवतोच म्हणतात. नाही, तुम्हाला नाही म्हटलं.

चहा राहू दे काकू, ओतू नका मोरीत. ठेवा तिथेच बाकावर. मी पिते तो. मी रोजच पिते ह्या कपातून, ताईचा झाला की, आई पाणी आणायला गेली की. आठ महिने झाले, मोजलेत मी. मला काय झालंय? बघा ना—

या तुम्ही. गाडी चुकेल. आणि फाटक तेवढं ओढून घ्या हं, सखुबाईची बकरी आत शिरते.