दुष्काळातून परतलेले पणजोबा

मी रांजणगावला कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या पणजोबांनी दुष्काळ कसा काढला, हे विचारायला एका सुट्टीला पाटसला आप्पांकडे गेलो. आप्पा म्हणजे आजोबांचे थोरले चुलतभाऊ, नव्वदीचे.

"माझा चुलता, म्हंजी तुजा पणजोबा, दुष्काळात मेंढरं घिऊन कोकणात उतरला," आप्पा म्हणाले. "मिरगाच्या तोंडावर मेंढरं माघारी आली. संगं माणूसबी आला, पर त्यो चुलता नव्हता."

"म्हणजे?"

"दुसराच हुता. चुलत्याचं घोंगडं पांघरून आल्ता. मी सात वर्सांचा, दारातच उभा हुतो."

"मग पणजी काय म्हणाली?"

"लई वेळ बघत ऱ्हायली. मग पोरींना म्हणली, तुमचा बा आलाय, पाया पडा. गावात कुणी तोंड उघडलं न्हाई."

मी विचारलं, "आणि आजोबा कधी जन्मले?"

आप्पा माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणाले, "त्येच्या पुढल्या साली."