चौथं भोक

अहो डॉक्टर, बसा हो, पाच मिनिटांत देतो — म्हणजे गेल्या मंगळवारपासून पाचच मिनिटं राहिलीत हे खरं, पण तुमच्या पाटीची चारांतली तीन भोकं झालीत ना, बोट फिरवून बघा, कुठे खरखर लागते? नाहीच लागणार. वीस वर्षं हेच करतोय. दाताला भोक पाडणं आणि अ‍ॅक्रिलिकला पाडणं, तुमचं-आमचं काम एकच — फरक एवढाच, की तुमचा पेशंट आधी ओरडतो, आमचा न सांगता तडकतो. ऐका, युक्ती सांगतो — खाली लाकडी फळी, वरचा कागद सोलायचा नाही, ड्रिल सावकाश, साबणाच्या पाण्याचे दोन थेंब, आणि जोर? जोर द्यायचाच नाही, आरपार जाताना तर श्वास रोखून हात हलका सोडायचा, आणि मुख्य म्हणजे ड्रिलच्या टोकाला बसवतात त्या बिटची धार आधी दगडावर घासून मोडायची, नाहीतर ते शीटमध्ये घुसतं आणि कोपराच खातं — सगळं तोंडपाठ आहे मला. त्या डब्यात काय बघताय? सरावाचे तुकडे हो ते. बत्तीस? मोजलेत पण — सवय तुमची.

मग चौथं का अडलं, असंच ना? मशीन जुनं झालंय. शिवाय इथे उजेड नाही. शिवाय ते घासलेलं बिट — ते हिनं नेलं. आमची ही हो. भोकं ती पाडायची, म्हणजे हात तिचा, डोकं माझं — गिऱ्हाइकांशी बोलायचं कुणी? मीच की. तर मंगळवारी तुमचीच पाटी चालू होती, तिसरं भोक झालं, आणि एक गिऱ्हाईक म्हणालं, वहिनींचा हात काय सुरेख आहे. मी आपलं सहज म्हटलं — सहज हो — ती नुसती शीट धरायला असते. तिनं ड्रिल बंद केलं. भांडली नाही, काही नाही. बिट काढलं, पुसलं, पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "चौथं तुम्ही पाडा. धरायलासुद्धा मी नाही." तेव्हापासून समोर, बहिणीच्या शिलाईच्या दुकानात टेबल मांडून बसलीय, राहतेही तिथेच, वरच्या खोलीत. रांग बघा — सगळी माझीच गिऱ्हाइकं. मला करमत नाही हो डॉक्टर. दिवसभर बोलतो आणि ऐकायला कुणी नाही, म्हणून तर तुम्हाला बसवून घेतलं.

उद्या दवाखाना उघडायचाय ना? आणा इकडे — ही फळी, हा कागद, जोर नाही — नको. पाटी फुटेल, आणि तिची तीन भोकं वाया जातील. तुम्हीच समोर घेऊन जा. माझं नाव काढू नका. ती ओळखेल म्हणा, स्वतःची भोकं आहेत. विचारलंच तर सांगा, तीन तुम्हीच पाडलीत असं ते म्हणाले — स्वतःहून म्हणाले, हे सांगा. आणि चौथं का नाही पाडलं असं विचारलं तर — तर म्हणा, मशीन बिघडलंय. निघा आता, बघतेय ती.