झेब्र्यासाठी थांबतो

ला पाझच्या चौकात रस्ता ओलांडायला ताटकळलेल्या रोक्सानाने कान टवकारले. पुढ्यात एक म्हातारी आणि तिची शेजारीण बोलत होत्या.

"ती मिनीबस तुमचाच मुलगा ग्रोवर चालवतोय ना, बासिलियाबाई? हात दाखवा, थांबेल."

"थांबतोय! आईला बघून आणखी जोरात हॉर्न बडवतो मेला."

"आणि झेब्र्याचा वेश घालून ती पोरं इथे नाचत लोकांना रस्ता ओलांडून देतात, त्यांच्यासाठी बरा थांबतो!"

"हसत थांबतो. वर हातही हलवतो."

"मग त्यांच्याबरोबर ओलांडा की."

"आज रविवार. झेब्रे सुट्टीवर."

"मग आता हो?"

बासिलियाबाईंनी पाठीवरचं गाठोडं सोडलं. आतून दोन पट्टेरी कान बाहेर आले.

"नातीचा वेश आहे. जरा शेपूट धर गं, पाय घालते."