दोनच्या आत

ना जी साहेब, सकाळपासून पेटीच उघडली नाही मी — सही केली ना तुमच्या कागदावर? केली. मंत्री येऊन जाईपर्यंत ड्रोन उडवाचा नाही, कलेक्टर साहेबाचा हुकूम, वाचून केली. मंग कायले उडवू? दोन वाजता हेलिकॉप्टर उतरते, अठून चार किलोमीटर हेलिपॅड, मले का कळत नाही? बचत गटाचा फवारनीचा ड्रोन हाय, दहा बायाईचा — लायसन गेलं त मले गावात कोनी उभं करन का? कोनं सांगतलं उडला म्हनून? बंदोबस्तावरच्या पोरीनं पाह्यला? घार असन. घारी लई हायेत इकडं. बसा ना — पंखा नाही लावत, लाइनच नाही पहाटपासून, सारी सभेले गेली म्हनते — अहो, त्याले हात नका लावू, बॅटरी हाय ते. ओलं पोतं असंच टाकलं. गरम? हौ, गरम राह्यते — चार्जिंगले लावली होती ना —

हौ. लाइन नाही. आत्ताच बोलली मी.

उडवला. तीन खेपा उडवला, लिहा. पन पह्यले आयका — सासू हरवली माही, मैनाबाई. त्याईले काही याद राह्यत नाही. सकाळी साखरेच्या बिमारीची गोळी खाल्ली, त्यावर पोटात दाना नाही, अन् आता सव्वा वाजला. तुरीत शिरल्या — तूर पाहा ना, डोक्याच्या वर गेली, आत बैल उभा राह्यला त दिसत नाही. शोधाले कोनाले सांगू? गावातले सारे गाड्या भरून सभेले नेले, नवरा बी तठीच, फोन मंडपाच्या भाईर जमा. तुमच्याच ठान्यात फोन लावला त म्हनते, स्टाफ नाही, संध्याकाळी या.

ध्यान काहून नाही ठेवलं? मी घरी होती कुठी? तुमीच बलावलं ना सहीले, अन् दोन तास बाकावर बसवलं. रोज भाईरून कडी लावून जात होती मी — हौ, कडी लावतो आमी. जनावरावानी. तसं नका पाहू माह्याकडं, वावर, फवारनी, दोन लेकरं, मी कुठी कुठी पुरू? आज तुमचा फोनवर फोन, घाईत निंगाली, कडी राह्यली. अन् खरं सांगू साहेब — वापस आली, दार उघडं दिसलं, त पह्यले हलकं वाटलं मले. एक घडी. हलकं. मंग रडत रडत पेटी उघडली मी.

तिसऱ्या खेपेले ड्रोनच्या कॅमेऱ्यात दिसल्या. किसनरावाच्या वावरात, धुऱ्याच्या बांधापासून लई आत, हिरवं लुगडं. हात हालला, तेवढ्यात बॅटरी संपली, वापस आनाच लागला. एकटी धावली असती — पन तुरीत शिरलं का दिशाच कळत नाही, वरून सांगाले एक पाह्यजे अन् आत शिराले एक. ही एकच भरलेली बॅटरी उरली. दहा मिनिटं चालते. दोनच्या आत उतरवते, लेकराईची शपथ —

वायरलेस कायले काढला? कोनाले सांगता? साहेब… ठेवा ना खाली. ठेवा.

ठेवला?

मंग हे साखरेचं पानी धरा. धुऱ्यानं सरळ जा, फोन कानाले, मी डावं म्हनलं त डावं. अटक मंग करा. मी उडवून राह्यली — धावा, पया!