पाठ काळीच होती

— नाही हो काका, हा नव्हे, मघापासून तेच तर सांगतेय. आमचा कुत्राही बीगलच, पण आमच्याची पाठ काळी कुळकुळीत, खोगीर टाकल्यासारखी — म्हणून तर नाव कोळसा. डोकं तपकिरी, पोट-पाय पांढरे. आणि ह्याच्यात काळं कुठंय? सगळा चहा सांडल्यासारखा. रागवू नका, इथे निवाऱ्यात पिंजरे किती, सांभाळणारी माणसं किती, दिसतंय मला; पण फोनवर "बीगल सापडलाय" एवढंच म्हणालात, रंगही सांगितला असतात तर धावत आले नसते. हे पोस्टर बघा ना, मीच केलंय, चौकाचौकात लावलंय. — हो, फोटोत लहान दिसतोय. लहानच होता तेव्हा. अलीकडचा? आहे की, नसायला काय झालं — थांबा, दाखवते. हा मोर्चातला… हाही मोर्चातला… ही मी, भाषण करताना… हा बघा, आईच्या मांडीवर — नाही, ही उशी आहे.

हरवला कसा? दार उघडं राहिलं. म्हणजे — मीच ठेवलं. बैठक होती आमच्याकडे, मुक्या प्राण्यांच्या हक्कांसाठी — हसा काका, हसा, तुमच्या जागी मीही हसले असते. मित्रमैत्रिणींची फलक घेऊन ये-जा चाललेली. आई आतून ओरडली, "दार लावा गं कुणीतरी!" मी म्हटलं, "आई, दोन मिनिटं गप्प बस ना." तेव्हापासून गप्पच आहे ती. पायांत चपला सरकवते आणि गल्ल्या पालथ्या घालते. एकदाच बोलली, हे पोस्टर बघून — "अगं, त्याची पाठ आता काळी कुठं राहिलीय?" आणि मी काय म्हणाले असेन? "चष्मा पुसून ये, मग बोल." आईला म्हणाले असं. सगळ्यांदेखत.

आणि मला काय माहीत नाही होय? मीच सांगत फिरते ना लोकांना — बीगलचं काळं वयाबरोबर उतरतं, तपकिरी होतं, रोग झाला म्हणून घाबरू नका, फसवलं म्हणून परत करू नका. पांढरं मात्र जिथल्या तिथं राहतं. टाळ्या पडतात त्यावर. टाळ्या! आणि घरी? घरी तो दारातच बसलेला असतो माझी वाट बघत, आणि मी फोन बघत बघत त्याला ओलांडून आत जाते. खायला घालायचं आईनं, फिरवायचं आईनं, त्याचे कान पुसायचे आईनं. मी नाव ठेवलं तेवढं. नावं ठेवायला आपण पुढे. — ह्या पोस्टरमुळे कितीजण त्याला बघूनही पुढे गेले असतील हो? "हा काळा नाही, हा तो नव्हे" म्हणून? मी आत्ता तेच केलं ना — त्याच्या तोंडावर?

काका, जरा मान वर करता त्याची? कपाळावरची पांढरी रेघ… आमच्याची खाली येता येता डाव्या डोळ्याकडे वळते, स्वल्पविरामासारखी —

…

कोळशा! ए कोळशा, इकडे बघ! — नाही बघत. ह्या नावानं हाक मारतो कोण त्याला? आई काहीतरी वेगळंच म्हणते — बाळ्या, का बंड्या — अहो, खरंच माहीत नाही मला. थांबा, तिला फोन लावते. — आई? नाही, काही झालं नाही. तू फक्त हाक मार त्याला. तू मारतेस तशी. — धरा काका, त्याच्या कानाशी धरा. जवळ, अजून जवळ —

शेपटी बघा. अहो, शेपटी बघा त्याची!

नको, माझ्याकडे नका सोडू त्याला. तिला तुम्हीच सांगा, सापडला म्हणून. रंगबिंग नाही विचारायची ती. मी बाहेर थांबते. — आणि ते पोस्टर द्या इकडे. द्या म्हटलं ना. बघू नका आता त्या फोटोकडे.