कारकुनाची चाल

नाही, तो कॅमेरा आधी बंद करा. दादाविषयी बोलेन म्हणालो होतो, चालून दाखवेन म्हणालो नव्हतो. राजा केला, भिकारी केला, सिनेमे आटले तेव्हा टीव्हीवरून घराघरांत शिरला — सगळं खरं, माझा सख्खा भाऊ, मी कशाला नाकारू? पण लोकांना आठवतो कोण? लंगडा कारकून. मालिकेतला तो आतल्या गाठीचा कारकून, डावा पाय ओढत येऊन दारामागे कान लावणारा. आणि तुम्हीही आल्या आल्या काय म्हणालात — भावाची नक्कल छान करता. अहो, चौथ्या वर्षी तापात गेलाय हा पाय. नक्कल कोणी कोणाची केली?

आलाच आहात तर ऐका. ह्याच खोलीत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत महिनाभर चालवलं त्यानं मला. मागून स्वतः, तसाच पाय ओढत. आधी कंबर जाते की टाच, विचारायचा — मला काय माहीत? चालणारा कधी बघतो का? पण बघितलं, सांगितलं, खांदा धरून शिकवलं. आणि खूश होतो हो मी — हसू नका — जन्मात पहिल्यांदा माझ्या पायाकडे कोणी कौतुकानं बघत होतं. मग मालिका लागली. मी कामाला होतो त्या छापखान्यात पोरं माझ्या पाठीमागे कारकुनाचे संवाद म्हणायची. लग्नाची बोलणी करायला गेलो, तर मुलीचा बाप हसून हसून बेजार — ‘पुरे आता, नीट चालून दाखवा.’ काय दाखवणार, कपाळ? ते स्थळ तिथेच संपलं.

दादाच्या सत्काराला मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. कोणीतरी विचारलं, ही चाल सापडली कुठे? दादा म्हणाला, ‘खूप भटकलो, खूप माणसं पाहिली.’ भटकला म्हणे — ह्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. सगळ्यांबरोबर. वाटलं, आज नाही तर उद्या म्हणेल, माझ्या धाकट्याची आहे. गेला तो तसाच, न म्हणता.

काय? तुम्ही म्हणाल तुमच्या फिल्ममध्ये, की चाल माझी होती? बरं — आणि पुरावा म्हणून चार पावलं हवीत. माझ्या पायाला आता पुरावा लागतो. चहा झाला ना? निघा मग. दार ओढून घ्या. नाही, सोडायला येणार नाही — तुम्ही जिना उतरेपर्यंत मी ह्या खुर्चीतून उठत नाही.